माप घेणारा माणूस

माझी वहिनी देवाशी बोलणं टाकेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी टाकलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. मी रविवारी चर्चला जाते, गाणी मोठ्याने म्हणते, उपदेशाच्या वेळी डुलक्या काढते आणि बाहेर पडताना पाळकसाहेबांना "फार छान झाला आजचा उपदेश" असं सांगते. देवाचं आणि माझं एवढ्यावर भागतं. वहिनीचं तसं नव्हतं. तिचं आणि देवाचं दिवसभर चालायचं. नळाला पाणी आलं, धन्यवाद बापा. शर्ट जळता जळता वाचला, धन्यवाद बापा. गिऱ्हाईक भांडायच्या तयारीने आलं आणि न भांडता गेलं, धन्यवाद बापा. भांडून गेलं तरी धन्यवाद बापा, कारण गेलं एकदाचं. मी तिचं नाव आभारबाई ठेवलं होतं. ती रागवायची नाही. मला चिडवायला वन्सं म्हणायची आणि इस्त्री पुढे ढकलायची.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. माझा थोरला भाऊ, दादा, मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं सांभाळतो. मी पुढे काउंटरवर असते. कपडे घेते, खिसे तपासते, खुणेच्या पट्ट्या लावते आणि डाग आधीपासून होता की आमच्याकडे पडला यावर लोकांशी वाद घालते. हे काम मला जन्मजात जमतं. वहिनी मधल्या खोलीत खिडकीपाशी इस्त्रीला उभी. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती जागा तिची. दादा-वहिनीला मूल झालं नाही. त्याबद्दल ती धन्यवाद म्हणाली नाही, पण देवाकडे कधी कुरकुरही केली नाही. "बापाला माहीत," एवढंच. मी तिच्या जागी असते तर मला फार काही बोलायचं असतं.

हा जो तिचा देवावरचा भरवसा होता, तो काही हवेतून आलेला नव्हता. त्याला पुरावा होता, आणि तो पुरावा म्हणजे फ्रॉक.

वहिनी बालगृहात वाढली. चर्चनेच चालवलेलं मुलींचं बालगृह. तिला आई नाही, वडील नाहीत, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. तिथे एक नियम होता. बाहेरच्या कोणी मुलींना काही दिलं, तर देणाऱ्याचं नाव मुलींना सांगायचं नाही. कोणत्याही मुलीने कोणाच्या उपकाराखाली मान खाली घालून मोठं होऊ नये, आभार मानायचे ते एका स्वर्गातल्या बापाचे. ऐकलं तेव्हा मलाही तो नियम पटला होता. चांगल्या नियमांची हीच पंचाईत असते. त्यांच्या आड कोणी लपलं तरी कोणाला शंका येत नाही.

वर्षातून एकदा, आभाराच्या रविवारी, प्रत्येक मुलीच्या खाटेवर एक पुडकं ठेवलेलं असायचं. बाकीच्या मुलींच्या पुडक्यात कोणाचे तरी वापरलेले कपडे निघायचे. कोणाला ढगळ, कोणाला काखेत काचणारे. वहिनीच्या पुडक्यात मात्र नवा कोरा फ्रॉक, तिच्याच अंगाचा. घेराला खाली भरपूर माया सोडलेली, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, मुलगी उंच झाली की उसवून फ्रॉक लांब करता यावा म्हणून. आणि गळ्याच्या आत, मागच्या बाजूला, लाल दोऱ्याची बारीक फुली. ती कशाला? तर अंगावर चढवताना मागची बाजू कुठली ते लहान मुलीला आपलं आपण कळावं. जिला कपडे घालून द्यायला कोणी नाही, तिच्यासाठी केलेली खूण.

दर वर्षी वहिनी चर्चमध्ये उठून साक्ष द्यायची. आमच्याकडे तशी पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चार लोकांत सांगायचं. बहुतेकांची साक्ष ऐकून मला जांभया येतात, पण तिची तोंडपाठ असूनही मी सरळ बसून ऐकायचे. "मी फ्रॉक उलटा घालायची आणि मुली हसायच्या," ती सांगायची. "हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. रात्री पांघरुणात तोंड घालून फक्त त्याला सांगितलं होतं. पुढच्या फ्रॉकला फुली होती." मग जरा थांबून म्हणायची, "ज्याला माझं माप ठाऊक आहे, तो माझा बाप." इथे माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी रुमाल काढून शिंकल्याचं सोंग करायचे.

त्या दिवशी एक नवीन गिऱ्हाईक आलं. तरुण बाई, बडबडी, हसरी. लहान मुलीचे कपडे घेऊन आली होती. लेकीने शाईची बाटली अंगावर ओतून घेतली, असं तिने मला अर्धा तास रंगवून सांगितलं. मी पट्ट्या लावल्या, दादाने डाग काढले, कपडे वहिनीकडे गेले. थोड्या वेळाने मला करपल्याचा वास आला. वहिनीच्या हातून कापड करपत नाही. मी आत धावले, तर इस्त्री टेबलावरच्या चादरीवर पालथी पडलेली, खालून धूर येतोय आणि वहिनी बाजूला उभी. तिच्या हातात एक छोटासा फ्रॉक होता, उलटा केलेला. मी आधी इस्त्री उचलली, मग बघितलं. गळ्याच्या आत, मागच्या बाजूला, लाल फुली होती.

वहिनी वर गेली आणि कपाटातून तिचा शेवटचा फ्रॉक घेऊन आली. तेवढा एक तिने जपून ठेवला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. घेराची दुमड तशीच, बाहेर एकही टाका न दिसणारी. फुलीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा लांब, दोन्हींवर तसाच.

"सगळेच शिंपी करत असतील अशा खुणा," मी म्हटलं.

"इतकी वर्षं लोकांचे कपडे उलटे करून इस्त्री करतेय," ती म्हणाली. "कधी दिसली नाही."

ती बाई कपडे न्यायला आली, तेव्हा वहिनी स्वतः काउंटरवर आली. एरवी ती पुढे येत नाही. हा फ्रॉक कुठे शिवून घेतला, असं तिने विचारलं.

"सासऱ्यांनी शिवलाय," ती बाई खुशीत म्हणाली. "चांगलाय ना? दुकान केव्हाच बंद केलं त्यांनी, पण नातीचे कपडे दुसऱ्या कोणाला शिवू देत नाहीत. ती फुली बघितलीत? मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, पूर्वी एका अनाथ मुलीसाठी शिवायचो, तेव्हापासूनची सवय."

मला वाटलं वहिनी कोसळणार. पण नाही. तिचा चेहरा असा काही उजळला की मीच चकित झाले. ती बाई गेल्यावर म्हणाली, "बघितलंत वन्सं? इतकी वर्षं मी विचार करायची, की त्याने हे कोणाकडून करवून घेतलं असेल. एका शिंप्याला रस्त्यात गाठलं आणि म्हणाला, तिकडे माझी मुलगी आहे, तिला शिव. आणि त्या बिचाऱ्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. आभार मानायला नकोत का?" तिला तडक त्याच्या घरी जायचं होतं. दादा म्हणाला, आधी बालगृहातल्या मेट्रनबाईंना विचार, त्यांना नक्की ठाऊक असेल. आता मला वाटतं, दादाने त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण वाटून काय उपयोग.

मेट्रनबाई बालगृहातून निवृत्त होऊन चर्चच्या मागच्या खोलीत राहतात. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत औषधांच्या बाटल्या आणि भिंतीवर मुलींच्या जुन्या फोटोंची रांग. वहिनीला बघून म्हातारी हरखली. वहिनीने पिशवीतून तिचा फ्रॉक काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हसत म्हणाली, "मेट्रनबाई, ज्यांनी हे शिवलं त्यांचा पत्ता मला लागला."

मेट्रनबाईंनी फ्रॉकवरून हात फिरवला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सांगितलं का शेवटी त्यांनी? देवाने सुबुद्धी दिली म्हणायची. मी त्यांना किती वेळा म्हटलं असेन, अहो, पोटच्या पोरीपासून किती दिवस लपवाल?"

म्हातारीने चष्मा परत डोळ्यांवर चढवला, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. पण बोललेलं परत गिळता येत नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वहिनी अगदी लहान असताना तिची आई वारली. बापाने दुसरं लग्न केलं. दुसरीने पहिलीच्या पोरीला घरात घ्यायला साफ नकार दिला. तो पोरीला घेऊन बालगृहाच्या फाटकाशी आला. दोन वर्षांत घेऊन जातो, तोवर तिला आईबाप कोणी नाही असंच सांगा, म्हणजे ती वाट बघत बसणार नाही, असं त्यानेच विनवलं. दोन वर्षांची चार झाली. त्याला तिकडे मुलगा झाला. मग त्याने बालगृहाच्या गणवेशाचं काम मागून घेतलं.

"गणवेशाचं?" वहिनीने विचारलं. "टेलरकाका?"

मेट्रनबाईंनी मान डोलावली.

वहिनी खुर्चीवर बसून राहिली. मग माझ्याकडे वळून, जणू मीच काही विचारलं होतं अशी, सांगायला लागली. टेलरकाका दर वर्षी माप घ्यायला यायचे. सगळ्या मुली व्हरांड्यात रांगेत उभ्या राहायच्या. काकांच्या गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. कोणाशी काही बोलायचे नाहीत. हात वर म्हणायचे, हात वर करायचा. वळ म्हणायचे, वळायचं. "माझं माप दोनदा घ्यायचे ते," वहिनी म्हणाली. "मुली म्हणायच्या, तू हलतेस म्हणून. मी अजिबात हलायची नाही. श्वास धरून उभी राहायची. मला वाटायचं, हललं की काका रागावतील."

मेट्रनबाई रडायला लागल्या होत्या. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. त्या म्हणाल्या, "असं बघ बाई, देव देतो ते माणसांच्याच हातांनी देतो. त्याला निराळे हात कुठून असणार? तुझ्या बापाचं मन त्यानेच वळवलं. प्रेम खोटं नव्हतं गं."

"मग मला फाटकाशी ठेवलं, ते कोणाच्या हातांनी?" वहिनीने विचारलं.

वहिनी उठली. फ्रॉक त्यांच्या मांडीवरच राहिला. मी घ्यायला गेले, तर म्हणाली, "असू दे."

त्यानंतर आमच्या घरातला धन्यवाद बंद झाला. नळाला पाणी यायचं आणि नुसतं पाणी यायचं. मला वाटायचं की मला त्या सततच्या जपाचा वैताग आहे. तो थांबल्यावर दुकान मला खायला उठलं. वहिनी काम पूर्वीसारखंच करायची. कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. पण तोंडाला कुलूप. जेवणाआधीची प्रार्थना दादा करायला लागला. त्याला सवय नाही, तो मधेच अडकायचा, आणि वहिनी डोळे उघडे ठेवून ताटाकडे बघत बसायची. रविवारी आम्ही दोघं तयार व्हायचो आणि ती भांडी घासायला घ्यायची.

मी एक दिवस तिला खोदून विचारलं. मला राहवेना. "तो वरचा तर तोच आहे ना? माणूस वाईट निघाला म्हणून देवाशी का अबोला?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्हाला नाही कळायचं. मी रात्री पांघरुणात ज्याच्याशी बोलायची ना, तो तिथे नव्हताच. मला वाटायचं देव ऐकतो आणि फुली करून पाठवतो. मेट्रनबाई ऐकायच्या हो, खाटांमधून फेरी मारताना. त्यांनी जाऊन त्याला सांगितलं, पोरगी फ्रॉक उलटा घालते. झालं. एवढंच होतं ते. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी तेवढी वेडी, छताकडे बघून थँक्यू म्हणत होते." तिचा आवाज चढला. मी तिला इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "केसाने गळा कापला माझा. आता बापा म्हणायला तोंड उघडलं की तो माणूस दिसतो. गळ्यात टेप घालून. हात वर म्हणतोय."

मग पाळकसाहेब आले. चांगला माणूस आहे, पण कुठे थांबावं ते कळत नाही. दुकानात धुवायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "अहो, तुमची साक्ष तर आता आणखी मोठी झाली! लोकांना एक बाप मिळायची मारामार, तुम्हाला देवाने दोन दिले. येत्या रविवारी आभाराची उपासना आहे. सगळे वाट बघतायत."

"मला एकही नाही मिळाला," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली.

पाळकसाहेब माझ्याकडे बघून गोड हसले. मला वाटलं त्यांना उचलून स्टार्चच्या टबात बुडवावं आणि कडक इस्त्री करून चर्चला परत पाठवावं. मी म्हटलं, साहेब, तुमचा झगा तयार आहे, घेऊन जा. ते उठले. आभाराचा रविवार आला आणि गेला. वहिनीची जागा रिकामी होती, आणि लोक वळून वळून तिकडे बघत होते.

त्या हसऱ्या बाईचे कपडे मधून मधून येतच होते. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. एकदा तिचा निरोप आला की लेक तापाने पडली आहे, कपडे न्यायला येता येणार नाही, कोणाबरोबर पाठवता का? मी दादाला हाक मारणार, तेवढ्यात वहिनी कपड्यांचं पुडकं उचलून दारात उभी. "मी नेऊन देते," म्हणाली. मी दुकान दादाच्या गळ्यात मारलं आणि तिच्या मागोमाग धावले.

घर लांब नव्हतंच. आमच्या रस्त्याच्या टोकाला जो पूल आहे, त्याच्या पलीकडे. इतकी वर्षं तो माणूस पुलापलीकडे राहत होता. वाटेत मी विचारलं, "जाऊन काय करणार आहेस?"

"त्याने एकदा सांगावं," ती म्हणाली. "तोंडाने. माझी मुलगी आहे म्हणून. मग मला कळेल की कोणाचे आभार मानत होते ते. मग मी परत त्या दुसऱ्याशी बोलू शकेन कदाचित. हे दोघं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत. एकाला बाहेर काढल्याशिवाय दुसरा सापडत नाही."

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी जुनं पायाने चालवायचं शिलाई यंत्र, कापायचं टेबल आणि टेबलामागे तो. वाळलेला, बारीक म्हातारा, अजूनही गळ्यात टेप. आत कुठेतरी मूल किरकिरत होतं. वहिनी दारात उभी राहिली. त्याने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि त्याची नजर सरळ तिच्या खांद्यावर गेली.

"उजवा खांदा अजून तसाच," तो म्हणाला. "जरा उतरलेला. मी तिकडे कापड कमी घ्यायचो."

म्हणजे त्याने तिला ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, खांद्यावरून. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण मी चिडले होते, त्यामुळे जमलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं मी लाँड्रीत असते ते?" वहिनीने विचारलं.

"तुझ्या लग्नाला मी आलो होतो. शेवटच्या बाकावर होतो." तो उठून टेबलाला धरून उभा राहिला. "रोज वाटायचं येऊन भेटावं. तुझी ती, सावत्र आई, ती असेपर्यंत शक्य नव्हतं. आता ती गेली, पण मुलाला काय सांगू? सून काय म्हणेल? मी तुला कधी विसरलो नाही, पोरी. कितीही ओढाताण असो, तुझा फ्रॉक चुकवला नाही."

"मग नाव का नाही सांगितलंत? मेट्रनबाईंकडून मला कळवायला काय झालं होतं, बापाने पाठवलाय म्हणून?"

त्याने टेबलावरचा खडू उचलला, खाली ठेवला. खोटं बोलायचं नव्हतं त्याला, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन.

"नाव सांगितलं असतं, तर तू विचारलं असतंस, मला घरी कधी नेता," तो म्हणाला. "देवाला कोणी हे विचारत नाही. देवाने दिलं म्हटलं की पोरं गप्प बसतात, खूश होतात. मला वाटलं तुझ्यासाठीही ते बरं."

वहिनीने पुडकं छातीशी धरलं होतं. कागद चुरगळल्याचा आवाज आला. ती काही बोलणार, तेवढ्यात आतलं दार उघडून सून बाहेर आली. कडेवर ते आजारी मूल, दुसऱ्या हातात चहाचा कप. आमच्याकडे बघून तिला आश्चर्य वाटलं. दुकान सोडून तिने आम्हाला कुठे बघितलं नव्हतं, त्यामुळे पटकन ओळख पटली नाही.

"कोण आलंय, बाबा?" तिने विचारलं.

मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. वहिनीही बघत होती. ती श्वास धरून उभी होती, अजिबात न हलता. त्याने सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं.

"लाँड्रीतल्या बाई आहेत," तो म्हणाला. "कपडे आणलेत."

"अगं बाई, हो! तुम्ही स्वतः आलात? बसा ना, चहा टाकते," सून म्हणाली. तिचं मन खरंच चांगलं आहे.

"नको," वहिनी म्हणाली. "दुकान उघडं आहे." तिने पुडकं टेबलावर ठेवलं, मुलीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि वळून बाहेर पडली. म्हातारा टेबलाला धरून तसाच उभा होता. मला त्याला पुष्कळ ऐकवायचं होतं. सुनेसमोर सगळं ओकून टाकावं, मग बघू दे काय करतो ते, असं मनात आलं. पण हे वहिनीचं होतं आणि ती गेली होती. मी तिच्या मागे धावले.

पुलावर मी तिला गाठलं. मी तोंडाला येईल ते बोलत होते. भेकड आहे म्हटलं, हलकट आहे म्हटलं, फ्रॉक शिवून बाप होता येत असतं तर सगळेच शिंपी बाप झाले असते म्हटलं. आणि म्हटलं, चल परत, मी सांगते त्या सुनेला. ती ऐकत नव्हती. पुलाच्या मधोमध ती थांबली. सायकली, गाड्या, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका, सगळी वर्दळ आमच्या अंगावरून जात होती.

"खरंय त्याचं," ती म्हणाली.

"काय डोंबल खरंय?"

"मी देवाला कधी विचारलंच नाही. फ्रॉक मिळाला, थँक्यू. नवरा मिळाला, थँक्यू. मूल नाही दिलं, तुला माहीत. कधी म्हणून काही मागितलं नाही की भांडले नाही. बापाशी असं वागतं का कोणी? हे तर परक्याच्या घरी वागतात तसं झालं."

मग तिने मान वर केली. आकाश काही खास नव्हतं, ढगाळ, विजेच्या तारांनी भरलेलं. आणि माझी वहिनी, जिने चारचौघांत कधी आवाज चढवला नाही, ती भर रस्त्यात, भर गर्दीत ओरडली.

"बापा! का नाही नेलंस मला घरी? तो नाही बोलला. तू तरी बोल!"

एक सायकलवाला दचकून थांबला. दोन बायका थबकल्या, एकमेकींकडे बघून पुढे गेल्या. मला शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं, मला लोकांची लाज फार. वहिनी कठड्याला दोन्ही हातांनी धरून रडत होती आणि रडता रडता बोलत होती, एकेक करून सगळं काढत होती. फाटक, खाटा, रांग, पाळण्याशिवायचं घर. धन्यवाद त्यात कुठेच नव्हता. "उत्तर दे," ती म्हणत होती, "उत्तर दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही." उत्तर काही आलं नाही. निदान मला ऐकू आलं नाही. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना सांगत राहिले, "जा पुढे, काही नाही. ती तिच्या वडिलांशी बोलतेय."